मॉस्कोंतील रवींद्रनाथांचें चित्रप्रदर्शन

दोन राष्ट्रांनीं एकमेकांशीं केवळ मालाचाच नव्हे, तर विद्येचा आणि कलेचाही व्यवहार ठेवावा, हा विचार पहिल्या महायुद्धानंतर युरोपांत फार बळावला. युद्धानें तुटलेले संबंध पुन्हां जुळावे म्हणून ठिकठिकाणीं संस्था निघाल्या. विद्वानांना आमंत्रणें जाऊं लागलीं. नाटक-मंडळ्या, गायक-वादक आणि चित्रकार सरहद्दी ओलांडूं लागले. अशा प्रसंगीं पाहुण्याचें स्वागत थाटानें होतें, भाषणें होतात, वृत्तपत्रांतून छायाचित्रें झळकतात. परंतु पाहुणा जें घेऊन आला तें सर्व यजमान स्वीकारतो, कीं आपल्याला सोईचें तेवढेंच ठेवून घेऊन बाकीचें दाराबाहेर ठेवतो, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. १९३० च्या सप्टेंबर महिन्यांत मॉस्को शहरीं रवींद्रनाथ टागोर यांच्या चित्रांचें जें प्रदर्शन भरलें, त्याच्या हकीकतींत या प्रश्नाचें उत्तर मोठ्या स्पष्टपणें पाहावयास मिळतें.

कवि म्हणून रवींद्रनाथांची कीर्ति १९१३ च्या नोबेल पारितोषिकानें जगभर पोंचली होती. चित्रकार म्हणून मात्र ते साठी उलटल्यावरच प्रकट झाले. १९२४ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेंत प्रवास करीत असतां ते आजारी पडले आणि अर्जेंटिनांत व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीचे पाहुणे म्हणून सान इसिद्रो येथें राहिले. ‘पूरबी’ या काव्यसंग्रहांतील कित्येक कविता त्या मुक्कामांतल्या. कविता लिहितांना नको असलेल्या ओळी खोडण्याची त्यांची रीत विलक्षण होती. एक खोडलेला शब्द दुसऱ्या खोडलेल्या शब्दाशीं रेघेनें जोडावयाचा, त्या रेघेला वळण द्यावयाचें, आणि पाहतां पाहतां त्या खाडाखोडींतून एखादा लांब चोंचीचा पक्षी किंवा कधीं कोणीं न पाहिलेला प्राणी उभा राहावयाचा. हस्तलिखिताच्या पानांवरील हा खेळ पाहून यजमानीणबाई चकित झाल्या. पुढें दोन-चार वर्षांतच त्या आकृति कवितेची संगत सोडून स्वतंत्र कागदावर उतरूं लागल्या. एकदां ओघ सुरू झाल्यावर तो थांबला नाहीं. १९४१ सालीं रवींद्रनाथ निवर्तले तेव्हां त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रें निर्माण झालेलीं होतीं.

चित्रकलेचें रीतसर शिक्षण त्यांनीं घेतलेलें नव्हतें. त्यांचे पुतणे अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ हे दोघेही नामांकित चित्रकार; शांतिनिकेतनांत नंदलाल बसूंसारखा आचार्य कलाभवन चालवीत होता. परंतु रवींद्रनाथांची वाट या सर्वांहून निराळी होती. हाताशीं जी शाई असेल ती, कुंचला सांपडला तर कुंचला, नाहींतर चिंधी, नाहींतर बोटच. बहुधा एका बैठकींत चित्र पुरें व्हावयाचें. विषय पाहावेत तर मिटल्या ओठांच्या स्त्रिया, मुखवट्यासारखे चेहरे, अंधारलेलीं झाडें, आणि प्राणिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकांत न आढळणारीं जनावरें. तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीला नीट उमगत नसावा, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. त्यांच्या चित्रांतील गडद, तपकिरी, सायंकाळच्या छटा पाहिल्या म्हणजे तें मत अगदींच निराधार वाटत नाहीं. चित्रांना ते सहसा नांवें देत नसत. अर्थ विचारणाऱ्यांना त्यांचें सांगणें असे कीं, चित्रानें आपण होऊन जें दाखवावें तें दाखवावें. समजावून सांगणें हें त्याचें काम नव्हे.

या चित्रांवर स्वदेशांत काय अभिप्राय पडेल याची त्यांना शंका होती. म्हणून पहिली परीक्षा परदेशांत व्हावी असें ठरलें. १९३० च्या वसंत ऋतूंत ते चित्रांचा मोठा संग्रह घेऊन फ्रान्समध्यें आले. पॅरिससारख्या शहरांत दालन मिळविण्यास एरवीं महिनेच्या महिने लागतात. परंतु ओकाम्पोबाईंनीं थोड्याच दिवसांत सारी व्यवस्था केली. ता. २ मे रोजीं पिगाल दालनांत रवींद्रनाथांचें पहिलें प्रदर्शन उघडलें. कवयित्री आन्ना द नोआय यांनीं सूचिपत्रास प्रस्तावना लिहिली. तेथून हीं चित्रें कवीबरोबर देशोदेशीं फिरलीं. इंग्लंडांत बर्मिंगहॅम व लंडन, जर्मनींत बर्लिन, ड्रेस्डेन व म्यूनिक, डेन्मार्कमध्यें कोपनहेगन, स्वित्झर्लंडांत जिनीव्हा, आणि मग मॉस्को. याच प्रवासांत ऑक्सफर्ड येथें त्यांनीं मानवधर्मावरील हिबर्ट व्याख्यानें दिलीं, आणि जुलै महिन्यांत बर्लिनजवळ कापुट येथें आइन्स्टाइन यांच्याशीं सत्याच्या स्वरूपाविषयीं त्यांचा तो प्रसिद्ध संवाद झाला.

सोव्हिएट रशियांत परदेशांशीं सांस्कृतिक संबंध ठेवण्यासाठीं १९२५ सालीं एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली होती. तिच्या लांबलचक नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘वोक्स’ म्हणत. परदेशांतील लेखक, शास्त्रज्ञ व कलावंत यांना बोलावणें, त्यांची सरबराई करणें, त्यांना नवा देश दाखविणें, आणि त्यांच्या तोंडून जगाला नव्या राज्याची ओळख पटविणें, हें तिचें काम. प्रोफेसर पेत्रोव्ह हे त्या वेळीं तिचे अध्यक्ष होते. याच संस्थेच्या निमंत्रणावरून रवींद्रनाथ ता. ११ सप्टेंबर १९३० रोजीं मॉस्कोंत दाखल झाले. बरोबर अमिय चक्रवर्ती, आर्यनायकम्, डॉक्टर हॅरी टिंबर्स आणि आइन्स्टाइन यांची सावत्र कन्या मार्गोट हीं मंडळी होतीं. कवीचें वय एकोणसत्तर वर्षांचें होतें आणि प्रकृति नाजूक होती.

पाहुणचाराचा अनुभव त्यांना नवा नव्हता. आणि पाहुणचाराचें मोल काय द्यावें लागतें, हेंही त्यांना ठाऊक झालें होतें. १९२६ सालीं ते मुसोलिनीच्या सरकारचे पाहुणे म्हणून इटलींत गेले होते. तेथील वृत्तपत्रांनीं त्यांच्या उद्गारांना असा रंग दिला कीं, जणूं कवीनें फॅसिस्ट राजवटीला आशीर्वादच दिला. स्वित्झर्लंडांत रोमां रोलां यांनीं खरी परिस्थिति त्यांच्या कानीं घातल्यावर ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रांत पत्र प्रसिद्ध करून त्यांना आपली भूमिका स्पष्ट करावी लागली होती. यजमानाच्या घरीं आपण काय बोललों याचा हिशेब आपणच ठेवला पाहिजे, हा धडा त्यांना इटलीनें दिला होता. मॉस्कोंतील त्यांचें वर्तन समजून घेतांना ही मागची गोष्ट विसरून चालणार नाहीं.

चित्रांचें प्रदर्शन ता. १७ सप्टेंबर रोजीं उघडलें. जागा होती नव्या पाश्चात्य कलेचें सरकारी संग्रहालय. या संग्रहालयाचा इतिहास मनोरंजक आहे. श्चुकिन आणि मोरोझोव्ह हे मॉस्कोचे दोन धनाढ्य कापड-व्यापारी. राज्यक्रांतीपूर्वी त्यांनीं सेझान, गोगँ, मातीस, पिकासो अशा चित्रकारांचीं चित्रें, खुद्द पॅरिसमध्यें त्यांची टिंगल होत असतां, हौसेनें विकत घेऊन आपल्या हवेल्या भरल्या. १९१८ सालीं हे दोन्ही संग्रह सरकारजमा झाले. पुढें ते एकत्र करून मोरोझोव्ह याच्या हवेलींत हें संग्रहालय नांदूं लागलें. युरोपांतील नव्या चित्रकलेचा इतका संपन्न सार्वजनिक संग्रह त्या काळीं दुसरीकडे कोठेंही सहजासहजीं दिसला नसता. कोणत्याही शाळेंत न शिकलेल्या आणि कोणत्याही पंथाचा शिक्का न बसलेल्या बंगाली कवीच्या चित्रांना याहून योग्य शेजार मिळणें कठीण होतें.

शब्दांना मिळत नाहीं अशी एक सवलत चित्रांना मिळते. कवितेला सरहद्द ओलांडावयाची तर दुभाष्या लागतो. रवींद्रनाथांची कीर्ति युरोपांत पोंचली ती इंग्रजी भाषांतरांवर स्वार होऊन, आणि त्या भाषांतरांत मूळचा नाद किती हरवला याची खंत स्वतः कवीलाच होती. आपली कविता आपल्या देशबांधवांसाठीं आहे आणि चित्रें हें आपलें पश्चिमेला देणें आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या नांवावर सांगितले जातात, ते याच कारणामुळें. मॉस्कोच्या दालनांत शिरणाऱ्या कामगाराला किंवा विद्यार्थ्याला बंगाली येण्याची गरज नव्हती, इंग्रजीचीही नव्हती. भिंतीवरचा तो काळसर चेहरा त्याच्याकडे पाही आणि तो त्या चेहऱ्याकडे पाही. मध्यें कोणी नव्हतें.

कवीला मात्र दालनाबाहेरचेंच पुष्कळ पाहावयाचें होतें. अनाथ मुलांनीं स्वतः चालविलेलें वसतिगृह त्यांनीं पाहिलें, शेतकऱ्यांसाठीं बांधलेल्या मध्यवर्ती गृहांत जाऊन खेडुतांशीं प्रश्नोत्तरें केलीं, शिक्षकांशीं चर्चा केली. १९०१ सालीं शांतिनिकेतनाची शाळा काढणाऱ्या आणि १९२२ पासून श्रीनिकेतनांत ग्रामसुधारणेचा प्रयोग करणाऱ्या या पुरुषाला, आपण पै पै जमवून जें दोन-चार गांवांत करूं पाहतों तें येथें अफाट प्रमाणावर चाललें आहे असें दिसलें. ज्या हिंदुस्थानांत त्या काळीं शंभरांत दहा माणसेंही साक्षर नव्हतीं, तेथून आलेल्या शिक्षकाचें मन त्या दृश्यानें हेलावलें असल्यास नवल नाहीं. त्यांच्याबरोबरचे आर्यनायकम् हे तर पुढें वर्धा येथें येऊन स्थायिक झाले आणि गांधीजींच्या नयी तालीमचे एक आधारस्तंभ बनले. महाराष्ट्राच्या भूमीवर वाढलेल्या त्या शिक्षणप्रयोगाच्या या चालकानें मॉस्कोच्या शाळाही जवळून पाहिल्या होत्या, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ता. २४ रोजीं कामगार संघांच्या भवनांतील स्तंभदालनांत कवीच्या सन्मानार्थ मोठा समारंभ झाला. दुसऱ्या दिवशीं निघण्यापूर्वीं ‘इझ्वेस्तिया’ या सरकारी वृत्तपत्रासाठीं त्यांनीं मुलाखत दिली. शिक्षणाच्या प्रसाराबद्दल त्यांनीं मनापासून धन्यता व्यक्त केली. परंतु तेथेंच ते थांबले नाहींत. ज्या मुलांना तुम्ही शिकवीत आहां त्यांच्या मनांत प्रतिपक्षाविषयीं राग, वर्गद्वेष आणि सूडबुद्धि रुजवून तुम्ही आपल्याच ध्येयाची सेवा करीत आहां काय, असा सरळ प्रश्न त्यांनीं यजमानांना केला. मतभेदाला वाव राहिला पाहिजे, सर्वांचीं मतें सक्तीनें एका सांच्यांत ओतल्यास जग नीरस होईल, बळानें बळच जन्माला येतें, अशा अर्थाचें तें बोलणें होतें. मानवजातीच्या हितासाठींच आपण हें बोलत आहों, हेंही त्यांनीं आवर्जून सांगितलें. ज्या वर्षीं रशियांत शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीनें सामुदायिक केल्या जात होत्या, त्या वर्षींचे हे शब्द आहेत.

‘इझ्वेस्तिया’नें ती मुलाखत छापली नाहीं. इंग्लंडांत ‘मँचेस्टर गार्डियन’मध्यें ती लवकरच प्रसिद्ध झाली; परंतु ज्यांच्यासाठीं ती दिली होती त्या रशियन वाचकांपुढें ‘इझ्वेस्तिया’च्या पानांवर ती आली १९८८ सालीं, म्हणजे तब्बल अठ्ठावन्न वर्षांनीं. तोंपर्यंत कवीला जाऊन सत्तेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. पाहुण्याचीं चित्रें भिंतीवर टांगलीं गेलीं, पाहुण्याची स्तुति कानाला गोड लागली. पाहुण्याचा प्रश्न मात्र टेबलाच्या खणांत गेला.

येथें कोणी म्हणेल, हा दोष एकट्या बोल्शेव्हिक राजवटीचा. तसें नाहीं. रवींद्रनाथांनीं रशियांतून आणि पुढें अमेरिकेच्या वाटेवर आगबोटींतून आप्तेष्टांना बंगालींत पत्रें लिहिलीं. त्यांत रशियाच्या शिक्षणकार्याचें वर्णन होतें, इंग्रजी अंमलांतील हिंदुस्थानच्या दैन्याशीं तुलना होती, आणि सोव्हिएट पद्धतीच्या दोषांची स्पष्ट मीमांसाही होती. १९३१ सालीं तीं ‘राशियार चिठि’ या नांवानें पुस्तकरूपानें निघालीं. बंगाली पुस्तकाला सरकारनें हात लावला नाहीं. परंतु १९३४ सालीं रामानंद चतर्जी यांच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकांत त्यांतील एका भागाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध होतांच, पुढील भाषांतरें छापण्यास सरकारनें मनाई केली. संपूर्ण पुस्तक इंग्रजींत निघावयास १९६० साल उजाडावें लागलें. म्हणजे एकाच प्रवासांतून निघालेल्या शब्दांची ही दशा पाहा: रशियाच्या सरकारनें त्यांतील टीका अडविली, आणि हिंदुस्थानच्या सरकारनें त्यांतील स्तुति अडविली. एकाला उजव्या कानानें ऐकूं येईना, दुसऱ्याला डाव्या. मधल्यामधें संपूर्ण रवींद्रनाथ कोणालाच ऐकूं आले नाहींत.

तर मग चित्रें तरी सुखरूप राहिलीं काय? शब्दांपेक्षां चित्रें निरुपद्रवी, म्हणून त्यांना सर्वत्र अभय, असा समज होण्याचा संभव आहे. पुढील इतिहास तो समज टिकूं देत नाहीं. १९३२ सालीं सोव्हिएट सरकारनें कलावंतांचे सर्व स्वतंत्र गट मोडून टाकले, आणि १९३४ पासून समाजवादी वास्तववाद हीच एक मान्य रीत ठरली. ज्या संग्रहालयांत रवींद्रनाथांचीं चित्रें मांडलीं गेलीं तें १९४८ सालीं सरकारी हुकुमानें बंद झालें. मातीस-पिकासोंचीं चित्रें मॉस्को व लेनिनग्राड येथील दोन संग्रहालयांत वाटलीं गेलीं आणि त्यांतील पुष्कळ दीर्घकाळ लोकांच्या दृष्टीआड राहिलीं. तिकडे बर्लिनमध्यें रवींद्रनाथांनीं १९३० सालींच आपलीं पांच चित्रें राष्ट्रीय चित्रसंग्रहाला भेट दिलीं होतीं. १९३७ सालीं नाझी सरकारनें नवी कला ‘विकृत’ ठरवून संग्रहालयें झाडून काढलीं, तेव्हां या भेटीलाही घराबाहेर काढण्यांत आलें. कांहीं चित्रें कवीकडे परत आलीं. सर्वांचा मात्र पत्ता लागला नाहीं. जीं चित्रें कोणाविरुद्ध एक अक्षरही बोलत नव्हतीं, त्यांचीही सत्तेला भीति वाटली. कारण त्यांचा अर्थ ठरवून देण्याचा अधिकार त्यांनीं कोणालाच दिलेला नव्हता, आणि हुकमी अर्थांवर चालणाऱ्या राज्यांत एवढा अपराध पुरेसा होतो.

स्वदेशांत हीं चित्रें परदेशचा फेरा पुरा करूनच लोकांपुढें आलीं. १९३१ च्या अखेरीस कवीच्या सत्तरीच्या उत्सवांत कलकत्त्याला, पुढें १९३२ सालीं तेथील सरकारी कलाशाळेंत, आणि १९३३ च्या अखेरीस मुंबईस साजऱ्या झालेल्या टागोर-सप्ताहांत तीं मांडलीं गेलीं. हुबेहूब देखावे आणि पौराणिक प्रसंग पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांपैकीं पुष्कळांना त्यांचा उलगडा झाला नाहीं. ‘हें काय आहे?’ हा प्रश्न पॅरिसपेक्षां येथेंच अधिक ऐकूं आला असल्यास आश्चर्य नाहीं. काळानें मात्र आपला निवाडा दिला. भारत सरकारनें रवींद्रनाथांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला. आणि कवीच्या दीडशेव्या जन्मवर्षानिमित्त २०११ सालीं त्यांच्या चित्रांचें एक मोठें प्रदर्शन पुन्हां जगभर फिरावयास निघालें, तेव्हां त्याचा पहिला मुक्काम बर्लिन शहरींच पडला. ज्या शहरानें चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीं पांच चित्रें बाहेर काढलीं होतीं, त्यानें आतां शेंकड्याच्या हिशेबानें आलेल्या पाहुण्यांना आदरानें जागा दिली.

मॉस्कोच्या प्रदर्शनाचा हा वृत्तांत वाचून सांस्कृतिक देवघेव हें केवळ ढोंग आहे असें अनुमान काढणें उतावीळपणाचें होईल. वोक्सनें निमंत्रण दिलें नसतें तर ते पंधरा दिवस घडले नसते, तीं पत्रें लिहिलीं गेलीं नसतीं, आणि ती मुलाखतही दिली गेली नसती. समारंभ कोणाच्या कां सोईसाठीं असेना, दार उघडल्यावर आंत काय काय येईल यावर यजमानाचा पुरता ताबा राहत नाहीं. रवींद्रनाथांनीं यजमानांचे आभार मानले, जें चांगलें दिसलें त्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली, आणि जें खटकलें तें त्यांच्याच घरांत, त्यांच्याच वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला, तोंडावर सांगितलें. पाहुण्याचा धर्म याहून निराळा असूं शकत नाहीं. यजमानाच्या धर्मांत मात्र स्वागत आणि भोजन यांच्या जोडीला ऐकून घेणें हेंही येतें. मॉस्कोनें त्या धर्माचा तेवढा भाग अठ्ठावन्न वर्षें उधार ठेवला. तो अखेर फेडला गेला, ही समाधानाची गोष्ट खरी. पण ज्या मुलांसाठीं तो प्रश्न विचारला गेला होता, तीं तोंपर्यंत म्हातारीं झालीं होतीं.